गोल्फच्या काठीची मूठ : बसवण्याचा आणि सोडवण्याचा इतिहास

गोल्फच्या काठीवरची रबरी मूठ बदलायची असली की ती आकडीदार पात्याने उभी चिरून टाकून द्यायची, ही आजची सर्वमान्य रीत. मूठ चांगली असली आणि केवळ दांडा मोडला असला, तरीही ती चिरलीच जाते. या रीतीचे वय मात्र शंभर वर्षेही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दांडा हिकरीच्या लाकडाचा असे. त्याच्या वरच्या टोकाला आधी कापडाची पट्टी गुंडाळीत, तिच्यावर मेंढीच्या किंवा वासराच्या चामड्याची पट्टी तिरकी वेढीत आणि टोके दोऱ्याने करकचून बांधीत. दोरा कापला की सारे उलगडे; चामडे धड असेल तर तेच पुन्हा वेढता येई. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाला. बंगालच्या दमट हवेत घामेजलेल्या हातांखाली चामड्याची काय दशा होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

रबराचा मार्ग चार्ल्स गुडइयर याने मोकळा केला. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत कडक पडे. १८३९ मध्ये त्याला आढळले की गंधकासह तापवलेले रबर दोन्ही ऋतूंत लवचीक राहते. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांमध्ये पूल बांधतात. मात्र हे पूल सहजी तुटत नाहीत, म्हणून असे रबर मेणासारखे वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. चिरलेल्या मुठीपासून नवी मूठ घडत नाही, ती याच कारणाने. शोधकर्त्याच्या वाट्याला मात्र संपत्ती आली नाही; १८६० मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत वारला.

१९२९ मध्ये स्कॉटलंडच्या नियामक संस्थेने पोलादी दांड्याला मान्यता दिली. गुळगुळीत, सर्वत्र सारख्या मापाच्या दांड्यावर अखंड नळीसारखी मूठ सरकवणे आता शक्य होते. अमेरिकेतील थॉमस फॉविक याच्या कंपनीने १९५३ मध्ये अशी रबरी मूठ बाजारात आणली. फॉविक मूळचा क्लचचा संशोधक. त्याच्या क्लचमध्ये दाबाखालील हवेने रबरी नळी फुगे आणि फिरता भाग घट्ट पकडी.

मूठ घट्ट बसते ती दोन कारणांनी : तिचे छिद्र ताणले गेल्याने रबर दांड्याला आवळून धरते, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी असते. घरी ती न चिरता काढायची, तर ही पकड तात्पुरती सैल करायला हवी. एक मार्ग द्रवाचा. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन लांब सुईने रबराखाली सोडतात. गोंद मऊ पडतो, द्रवाचा पातळ थर घर्षण घटवतो आणि पिळत ओढल्यावर मूठ निघते. द्रव ज्वालाग्राही आहे, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि विस्तव दूर हवा. शिवाय या द्रवात रबर फुगते, तेव्हा मूठ त्यात भिजत ठेवता कामा नये.

दुसरा मार्ग हवेचा. मुठीच्या टोकाच्या भोकातून दाबाखालील हवा सोडली की रबर किंचित फुगते, दांड्यापासून सुटते आणि हवेच्या गादीवर सरकते. फॉविकच्या क्लचमध्ये फुगलेले रबर पकडत असे, येथे फुगलेले रबर सोडते. दाब बेताचा ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण अति ताणलेली मूठ फाटते. सुती दोरा विणलेल्या मुठी ताणायला नाखूश. त्या दोन्ही मार्गांना सहजासहजी दाद देत नाहीत.

काढलेली मूठ आतून पुसून, जुना गोंद खरवडून, नव्या पट्टीवर पुन्हा द्रवाच्याच साह्याने सरकवतात. द्रव उडून गेला की गोंद धरतो. त्यासाठी काठी रात्रभर बाजूला ठेवावी लागते, नाहीतर पहिल्याच फटक्याला मूठ हातात फिरते.