मुरगळलेला घोटा आणि मनातला सराव

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. फुटबॉल खेळताना पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला, खेळाडू काही आठवडे बाहेर बसला. या दिवसांत त्याने डोळे मिटून मनातल्या मनात धावण्याचा, वळण्याचा, चेंडू मारण्याचा सराव केला, तर घोट्याला त्याचा उपयोग होतो का? या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक नसला की दोन चुका होतात. एक म्हणजे हे सगळं थोतांड म्हणून सोडून देणं. दुसरी जास्त घातक: ‘मनावर घे, दुखणं पळून जाईल’ असं सांगून एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला मैदानात परत ढकलणं.

आधी घोटा पाहू. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध असतात, ज्यांना आपण लिगामेंट म्हणतो. उडी मारून खाली येताना किंवा समोरच्याने टॅकल केल्यावर पाऊल आत वळतं, सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो आणि हे बंध ताणले जातात. नुसते ताणले तर पहिली श्रेणी, अर्धवट फाटले तर दुसरी, पूर्ण तुटले तर तिसरी. आपल्याकडे घरोघरी आंबेहळदीचा लेप आणि वर पट्टी हा उपाय ठरलेला. १९७८ साली अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चतुःसूत्री सांगितली आणि ती जगभर पसरली. या सगळ्या उपायांचा रोख एकच: दुखावलेला भाग शांत करा, सूज उतरवा.

पण सूज उतरल्यावरही अनेकांचा घोटा पुनःपुन्हा दगा देतो. असं का होतं? १९६५ साली ब्रिटनमध्ये मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं वेगळं उत्तर दिलं. त्यांनी रुग्णांना एका पायावर उभं करून पाहिलं. दुखावलेल्या पायावर तोल सांभाळणं अनेकांना जड जात होतं. फ्रीमन यांचं म्हणणं असं, की अस्थिबंध म्हणजे नुसती दोरी नव्हे. त्यात पावलाची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतूही असतात. बंध फाटला की ही खबर पोचवण्याची व्यवस्थाही बिघडते. म्हणून त्यांनी डगमगत्या फळीवर उभं राहण्याचे व्यायाम दिले आणि घोटा दगा देण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. पुढे १९८५ मध्ये स्वीडनमधल्या ट्रॉप आणि सहकाऱ्यांनी हाच धागा फुटबॉलच्या मैदानावर नेला. ज्यांचा घोटा आधी दुखावला होता, अशा खेळाडूंना फळीवरच्या सरावाचा फायदा झाला.

इथे आपल्या कथेला वळण मिळतं. मुरगळलेला घोटा हा केवळ फाटलेल्या धाग्यांचा प्रश्न उरला नाही. तो हालचाल पुन्हा शिकण्याचा प्रश्न झाला. आणि शिकणं म्हटलं की मेंदू आला.

आता दुसरा धागा. १८५२ साली विल्यम कार्पेंटर यांनी लंडनमध्ये मांडलं होतं, की हालचालीची नुसती कल्पनासुद्धा स्नायूंना चाळवू शकते. पुरावा मिळायला पुष्कळ वर्षं लागली. १९३०च्या सुमारास शिकागोत एडमंड जेकबसन यांनी लोकांना हात वाकवण्याची फक्त कल्पना करायला सांगितली आणि त्या हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत हालचाल टिपली. १९७०च्या दशकात रिचर्ड स्विन यांनी शरीर शिथिल करून मग मनात सराव करण्याची पद्धत अमेरिकी स्कीपटूंना शिकवली. १९८३ मध्ये फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी तोवरचे साठ अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष सरळ होता. मनातला सराव काहीच न करण्यापेक्षा बरा.

मग १९९२ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात युए आणि कोल यांनी करंगळीवर एक प्रयोग केला. एका गटाने चार आठवडे करंगळी जोर लावून बाजूला नेण्याचा खरा व्यायाम केला. दुसऱ्याने त्याची फक्त कल्पना केली. पहिल्या गटाची ताकद सरासरी ३० टक्के वाढली, दुसऱ्याची २२ टक्के. ज्यांनी दोन्ही केलं नाही त्यांची चारच्या आत. स्नायू न हलवता ताकद कशी वाढली? कारण ताकदीचा एक हिस्सा मेंदू स्नायूला किती नेमका आणि जोरदार आदेश देतो यावर असतो, आणि सराव त्या आदेशाचा झाला होता. घोटा पट्टीत असलेल्या खेळाडूसाठी हे किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

याच सुमारास आणखी एक प्रवाह जोरात होता. कर्करोगाच्या रुग्णांनी आपल्या पेशी रोगाशी लढताहेत असं चित्र मनात आणावं, हा विचार कार्ल सिमंटन यांच्या १९७८च्या पुस्तकामुळे लोकप्रिय झाला होता. खेळाच्या क्षेत्रातही तो शिरला. १९९१ मध्ये कॅनडात इव्हलेवा आणि ऑर्लिक यांनी गुडघा व घोटा दुखावलेल्या ३२ खेळाडूंची विचारपूस केली. लवकर बरे झालेले लोक ध्येय ठरवणं, स्वतःशी चांगलं बोलणं आणि बरं होण्याची चित्रं मनात आणणं हे जास्त करत होते. पण ही बरं झाल्यानंतरची विचारपूस होती. चित्रांमुळे ते बरे झाले, की बरं वाटू लागल्यामुळे चित्रं सुचली? हे त्यातून कळत नाही.

ते तपासायला प्रयोग हवा होता. तो ग्रीसमध्ये झाला. २००७ साली क्रिस्ताकू आणि झेर्वास यांनी दुसऱ्या श्रेणीने घोटा मुरगळलेले खेळाडू घेतले. नेहमीची फिजिओथेरपी सगळ्यांना, वर मनातल्या सरावाची सत्रं फक्त काहींना. वेदना, सूज आणि सांध्याची हालचाल यांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, लॅव्हली यांच्यासह, २० खेळाडू होते. तिथे स्नायूंचा टिकाव वाढला, पण तोल आणि स्थिरता यांत फरक पडला नाही.

हे निकाल निराशाजनक वाटतील. आम्हाला ते फार बोलके वाटतात. मनातलं चित्र सुजेला उतरवत नाही, कारण सूज मेंदूचा आदेश ऐकून चढलेली नसते. टिकाव वाढतो, कारण तिथे आदेशाला महत्त्व आहे. आणि तोल? फ्रीमन यांच्या फळीची आठवण करू या. तोल शिकायला पावलाखालून खबर यावी लागते. कल्पनेतली फळी आपोआप डगमगत नाही. ती डगमगली पाहिजे हेही आपणच ठरवतो. अर्थात प्रयोग लहान होते, त्यामुळे हा आमचा अंदाज आहे, सिद्धांत नाही. पण इतिहासाचे दोन्ही धागे जोडले की तो पटण्यासारखा वाटतो.

मग खेळाडूला काय सांगायचं? दिवसातून काही मिनिटं बुटात पाय घालून बसावं. बाहेरून स्वतःला बघू नये. आतून पाऊल जाणवावं: टाच टेकते, भार पुढे सरकतो, अंगठा जमीन ढकलतो. दुखावलेलं वळणही मनात सावकाश, नीट घ्यावं. त्याने मैदानाची भीती उतरायलाही मदत व्हावी. मात्र परत उतरायचं की नाही हे ठरवायचं ते एका पायावर उभं राहून, उडी मारून, धावून बघितल्यावरच.

आणि ज्याचा घोटा सावकाश बरा होतो, त्याला ‘तुझं मन कमकुवत’ असं कुणी म्हणू नये. दीडशे वर्षांच्या या शोधातून तसं कुठेही निघत नाही. मनातला सराव हा सराव आहे, औषध नाही. इतकं लक्षात ठेवलं तरी आजचा वेळ सार्थकी लागला असं आम्ही समजू.