विज्ञान शिबिराचा फॉर्म आणि साठ वर्षांचा इतिहास

मार्च महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. शेजारी ओळखीचा एक माणूस, केळीच्या गाड्या भरायला जातो तो. सोबत त्याची नववीतली मुलगी. हातात कागदांची पिशवी.

"भाऊ, तुम्ही पेपरवाले ना? इस्रोचा काही फॉर्म आहे म्हणते. चार दिवस राहिले. जरा बघा ना."

फॉर्म 'युविका'चा होता. युवा विज्ञानी कार्यक्रम. नववीच्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात नेतात. शास्त्रज्ञ शिकवतात, प्रयोगशाळा दाखवतात. प्रवास, राहणं, जेवण सगळा खर्च इस्रोचा. मुलीला हे कुठून कळलं? मामाच्या मोबाईलवर आलेल्या एका मेसेजमधून. शाळेतून नाही. आणि आमच्या पेपरातूनही नाही.

आता कबूल करतो. त्या कार्यक्रमाची माहिती माझ्याकडे फेब्रुवारीतच आली होती. त्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी होती, जागा नव्हती. उद्या लावू म्हटलं आणि विसरलो. झेरॉक्सच्या दुकानात त्या मुलीसमोर उभं राहिल्यावर ती बातमी आठवली.

त्या रात्रीपासून या उन्हाळी विज्ञान कार्यक्रमांचा इतिहास वाचतोय. ही शिबिरं आली कुठून, त्यात मुलं निवडायची कशी हे कोणी ठरवलं, आणि आपल्याकडच्या पोरांपर्यंत त्यांचा फॉर्म का पोचत नाही. जे सापडलं ते इथे मांडतो. पोस्ट लांब आहे, पण घरात सहावी ते दहावीचं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात होते एका धातूच्या गोळ्यापासून. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला. अमेरिका हादरली. आपली पोरं गणित-विज्ञानात मागे पडली, अशी ओरड तिथे सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, शिक्षणावर पैसा ओतणारा कायदा झाला आणि त्याच्या नावातच 'राष्ट्रीय संरक्षण' हे शब्द होते. म्हणजे बघा, शाळेतलं विज्ञान हा देशाच्या संरक्षणाचा विषय झाला.

या धामधुमीत १९५९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ओहाय खोऱ्यात, थॅचर नावाच्या निवासी शाळेत एक छोटा कार्यक्रम सुरू झाला. नाव साधंच, समर सायन्स प्रोग्रॅम. तो आजही चालू आहे. हायस्कूलच्या हुशार मुलांना काही आठवडे एकत्र ठेवायचं आणि एकच खरं काम द्यायचं. आकाशातला एखादा लघुग्रह दुर्बिणीतून स्वतः टिपायचा आणि त्याची कक्षा स्वतः गणिताने काढायची.

या कामाला मोठी परंपरा आहे. १ जानेवारी १८०१ ला इटलीत पियाझ्झीला 'सेरेस' दिसला. काही आठवडे त्याने तो पाहिला, मग तो सूर्याच्या आड गेला. पुन्हा शोधायचा कुठे? तेव्हा चोवीस वर्षांच्या गाउसने थोड्याशा निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस जवळपास सांगितल्या जागी सापडला. तेच गणित ओहायमधली सोळा-सतरा वर्षांची पोरं करत होती. सुरुवातीच्या काळात काचेच्या फोटोप्लेटवर ठिपका मोजायचा आणि आकडेमोड टेबलावरच्या कॅल्क्युलेटर यंत्रावर. आज कॅमेरा डिजिटल आहे आणि आकडेमोडीचा प्रोग्रॅम मुलं स्वतः लिहितात. शिबिरात पाठांतर नाही, गुणपत्रक नाही. उत्तर आधी कुणालाच माहीत नसतं, मास्तरांनाही नाही.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. आपल्या मुलाला उत्तर माहीत नसलेला प्रश्न शाळेत कधी मिळतो, सांगा बरं?

आता आपल्याकडे येऊ. १९६१ मध्ये दिल्लीत एनसीईआरटी स्थापन झाली. १९६३ मध्ये तिने विज्ञानातली हुशार मुलं शोधायची योजना प्रायोगिक म्हणून सुरू केली. फक्त दिल्लीत, फक्त अकरावीसाठी, शिष्यवृत्त्या फक्त १०. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थुंब्याहून आपलं पहिलं रॉकेट उडालं. पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, योजना देशभर गेली आणि शिष्यवृत्त्या झाल्या ३५०.

निवड कशी व्हायची ते बघा. विज्ञान अभियोग्यता चाचणी, एका वैज्ञानिक विषयावर निबंध, आणि मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल. त्यातून निवडलेल्यांची मुलाखत. निवड झालेल्या मुलांसाठी सुट्टीत उन्हाळी शिबिरं भरायची, तिथे प्राध्यापकांसोबत काम करायला मिळायचं. अट एकच. शिकायचं ते मूलभूत विज्ञान, आणि मग पीएचडीपर्यंत सरकार पाठीशी.

१९७६ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीनचा आकृतिबंध आला आणि योजना बदलली. समाजशास्त्रं, इंजिनिअरिंग, मेडिकल सगळं त्यात आलं. शिष्यवृत्त्या ५०० झाल्या, निवड मात्र पर्यायांवर खूण करायच्या वस्तुनिष्ठ चाचण्यांवर आली. निबंध आणि प्रकल्प गेले. हीच पुढे आपल्याला माहीत असलेली एनटीएसई. १९८५ पासून आधी राज्याची परीक्षा, मग राष्ट्रीय, अशा दोन पायऱ्या झाल्या.

हा बदल चांगला की वाईट? दोन्ही. प्रकल्प करायचा तर प्रयोगशाळा हवी, सांगणारा शिक्षक हवा. तो खेड्यात कुठून आणणार? वस्तुनिष्ठ पेपर सगळ्यांना सारखा. पण अशा पेपरची तयारी करून घेता येते, तिथे मग क्लासवाले येतात. एका दारातून खेड्यातलं पोर आत येऊ शकलं, तर दुसऱ्या दारातून शहरातली फी आत आली.

माझीच गोष्ट सांगतो. १९९५-९६ ला मी दहावीला होतो. गणितात बरा होतो. एनटीएसई नावाची परीक्षा असते हे मला दहावीचा निकाल लागल्यावर कळलं. शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं, "अरे, ते पत्रक आलं होतं की. कपाटात असेल." मी पास झालो असतो असं म्हणत नाही, बहुतेक नापासच झालो असतो. पण नापास व्हायची संधी तर मिळायला हवी होती!

आता जरा अभिमानाची गोष्ट, आणि ती आपल्या जिल्ह्यातली आहे. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. गावाकडच्या शाळांत विज्ञान कसं शिकवलं जातं आणि ते कसं सुधारता येईल, हे बघायला या केंद्राची माणसं सुरुवातीच्याच वर्षांत कुठे आली? रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला. धनाजी नाना चौधरींच्या खिरोद्याला. टीआयएफआरसारख्या संस्थेतून निघालेली, भौतिकशास्त्रातली मोठी माणसं आपल्या झेडपीच्या रस्त्यांवरून शाळाशाळांत फिरत होती. किती जणांना हे माहीत आहे?

पुढे प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतली मागास वस्त्यांमधली मुलं घेऊन काम केलं. त्यातून त्यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलं अडतात ती पुष्कळदा विज्ञानात नाही, विज्ञानाच्या पुस्तकातल्या भाषेत. भाषा सोपी केली, मुलांना बोलतं केलं, की तीच मुलं पुढे जातात. म्हणजे हुशारी आधीपासून होती, मोजायची पट्टी चुकीची होती.

आज त्याच मानखुर्दच्या केंद्रात उन्हाळ्यात ऑलिम्पियाडची निवड शिबिरं होतात. देशभरातून गाळून गाळून आलेली मोजकी मुलं तिथे पोचतात. खिरोदा परिसरातलं एखादं पोर तिथे बसलेलं बघायला मला आवडेल.

मधल्या काळात काही दारं उघडली आणि बंद झाली. १९९९ ला सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये संपली. एनटीएसई २०२१ नंतर थांबवली गेली. २०१९ मध्ये इस्रोने युविका सुरू केली, तेव्हा प्रत्येक राज्यातून तीन मुलं घेतली होती. पुढे संख्या वाढली. दारं कमी झाली की उरलेल्या दाराचा पत्ता वेळेवर कळणं जास्त महत्त्वाचं होतं.

तर त्या मुलीच्या फॉर्मकडे परत येतो. युविकाची अलीकडच्या वर्षांतली गुणांची विभागणी अशी आहे. आठवीचे गुण ५० टक्के. ऑनलाइन प्रश्नमंजूषा १०. विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला असेल तर पातळीनुसार १० पर्यंत. ऑलिम्पियाड किंवा तत्सम स्पर्धेतलं बक्षीस ५ पर्यंत, खेळातलं ५ पर्यंत. स्काउट-गाइड, एनसीसी, एनएसएस ५. आणि पंचायत हद्दीतल्या शाळेत शिकत असेल तर १५.

हे १५ टक्के बघून बाप खूश झाला. "आपण तर खेड्यातलेच भाऊ!"

पण गुण मुलीच्या गावाला नाहीत, शाळेच्या जागेला आहेत. गावात शाळा सातवीपर्यंतच. म्हणून ही पोरगी रोज सकाळी एसटीने आपल्या शहरात येते, आणि शाळा नगरपालिका हद्दीत. १५ टक्के गेले. पुढच्या खेड्यातून येऊन पंचायत हद्दीतल्या चांगल्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसणाऱ्या मुलाला मात्र ते मिळतील. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे, देशातल्या फार थोड्या निवडींत खेड्याचा असा विचार होतो. पण एसटीच्या पासवर शहरात येणारं खेडं त्या रकान्यात बसत नाही.

दुसरी अडचण. प्रदर्शन, स्पर्धा, स्काउट हे सगळं गेल्या तीन वर्षांतलं मागतात. मुलीने सातवीत तालुक्याच्या प्रदर्शनात ठिबकच्या नळ्यांचं मॉडेल ठेवलं होतं. प्रमाणपत्र? "सरांनी नंतर देतो म्हटलं होतं." ते नंतर कधी आलंच नाही.

तिसरी अडचण मुख्याध्यापकांच्या सहीची. मार्चमध्ये दहावीची परीक्षा, साहेब केंद्रसंचालक म्हणून दुसऱ्या गावी. शेवटच्या दिवशी रात्री नऊला त्यांच्या घरी जाऊन सही आणली. त्यांनी चहा पाजला आणि मनापासून म्हणाले, "मला आधी सांगितलं असतं तर!" फॉर्म रात्री पावणेबाराला गेला.

यादीत तिचं नाव आलं नाही.

सांगायला गेलो तर ती रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "काका, हे सहावीतच माहीत असतं तर?"

साठ वर्षांचा इतिहास वाचून मला जे कळलं ते तिने एका वाक्यात सांगितलं. निबंध मागा, प्रकल्प मागा, वस्तुनिष्ठ पेपर घ्या नाहीतर प्रमाणपत्रं मोजा, प्रत्येक पद्धतीत पहिली चाळणी एकच असते. ज्याला आधी कळलं तो पुढे. ती चाळणी दिल्लीत किंवा बेंगळुरूत बसलेली नाही. ती शाळेच्या कपाटात आहे आणि माझ्यासारख्याच्या टेबलावर आहे.

म्हणून एवढं करा. मूल सहावीत गेलं की शाळेत जाऊन विचारा, इन्स्पायर मानकसाठी आपल्या शाळेतून मुलांच्या कल्पना पाठवता का? सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ती योजना आहे, निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात आणि जिल्हा प्रदर्शनाचा रस्ता तिथून जातो. प्रदर्शनात भाग घेतला तर प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या, लाजू नका. ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेची नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. युविकाची सूचना फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. मुख्याध्यापकांनाही हात जोडून विनंती, परीक्षेच्या कामाला जाण्याआधी सहीचा अधिकार कोणाला तरी देऊन जा.

आणि माझ्यापुरतं. यापुढे असली सूचना आली की त्याच दिवशी इथे टाकीन, मग पेपरात पुरवणी कोणाचीही असो. ती मुलगी आता दहावीत आहे, युविकाचं तिचं वय गेलं. पण ऑलिम्पियाडचं गेलेलं नाही. परवा तिच्या शाळेत जाऊन विचारून आलो, नोंदणी करणार का? सर म्हणाले, पत्रक आलं की बघू.

ऑगस्टमध्ये परत जाणार आहे.