बत्तीस जीबीच्या रेघेची कुळकथा

सन २०११ च्या आसपास विकल्या गेलेल्या अनेक मोबाइल फोनांच्या माहितीपत्रकात, कार्ड घालून मेमरी ३२ जीबीपर्यंत वाढवता येते, असे एक वाक्य असे. हा आकडा त्या फोनाच्या ताकदीचा असावा, असा ग्राहकाचा समज होणे साहजिक होते. त्या वर्षीच्या सॅमसंग गॅलेक्सी एस-२ ची मर्यादा ३२ जीबी आणि पुढच्या वर्षीच्या एस-३ ची ६४ जीबी असल्याने हा समज आणखी पक्का होई. परंतु ३२ या आकड्याचे कूळ शोधत मागे गेल्यास ते फोनाच्या कारखान्यात किंवा कार्डाच्या सिलिकॉनमध्ये सापडत नाही. ते विंडोज या संगणक-प्रणालीतील एका साध्या चौकटीपाशी जाऊन पोहोचते, आणि त्या चौकटीच्या मुळाशी पुन्हा एक मेमरी कार्डच दिसते.

कार्डाची वंशावळ सर्वज्ञात असल्याने ती थोडक्यात सांगणे पुरे. वीज गेल्यावरही माहिती धरून ठेवणारी फ्लॅश मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी घडवली. तिचा पहिला प्रकार १९८४ मध्ये आणि आजच्या कार्डांत वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. तिचे बारसे मात्र शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याने केले, कारण सारी माहिती एका झटक्यात पुसली जाण्याची तिची रीत त्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखी वाटली. सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता (पॅनासॉनिक) यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केले, २००३ मध्ये त्याचे मिनीएसडी हे धाकटे भावंड आले, २००४ मध्ये मोटोरोलाच्या फोनांसाठी ट्रान्सफ्लॅश हे नखाएवढे कार्ड निघाले आणि २००५ मध्ये एसडी संघटनेने तेच मायक्रोएसडी या नावाने दत्तक घेतले. या घराण्याची उसनवारीची खोड मात्र पहिल्यापासूनची आहे. एसडी या बोधचिन्हातील डी हे अक्षर चकतीसारखे दिसते, कारण ते चिन्ह मुळात तोशिबाच्या सुपर डेन्सिटी नावाच्या प्रकाशीय तबकडीसाठी काढलेले होते. डीव्हीडीच्या तडजोडीत ती तबकडी मागे पडली, आणि रिकामे राहिलेले चिन्ह कसलीही चकती नसलेल्या कार्डाला मिळाले.

३२ च्या आधीची मर्यादा २ जीबीची होती, आणि ती खरोखर दगडमातीची भिंत होती. जुन्या एसडी कार्डातील प्रत्येक बाइटला स्वतंत्र क्रमांक असे आणि तो क्रमांक ३२ बिटांत लिहिला जाई, त्यामुळे ४ जीबीच्या पुढचा पत्ता फोनाला उच्चारताच येत नसे. शिवाय कार्ड आपला आकार ज्या अंतर्गत नोंदीतून फोनाला कळवते, त्या नोंदीची मांडणीही तोकडी होती. काही उत्पादकांनी प्रमाणाबाहेर जाऊन ४ जीबीची जुन्या पद्धतीची कार्डे काढली, पण ती एका फोनात चालत आणि दुसऱ्यात चालत नसत. सन २००६ मध्ये एसडीएचसी, म्हणजे उच्च क्षमतेचे कार्ड, आले तेव्हा ही भिंत पाडली गेली. पत्ता बाइटला न देता ५१२ बाइटच्या गठ्ठ्याला देण्यात आला आणि आकाराच्या नोंदीसाठी २२ बिट राखून प्रत्येक एककाला ५१२ केबीचे मोल देण्यात आले. दोन्ही हिशेब स्वतंत्रपणे केले तरी उत्तर एकच येते, ते म्हणजे २ टीबी, ३२ जीबीच्या ६४ पट. तरीही त्याच प्रमाणसंहितेत एसडीएचसीची कमाल क्षमता ३२ जीबी अशी घालून देण्यात आली. ज्यांनी दार २ टीबी रुंदीचे बांधले, त्यांनीच उंबऱ्यावर ३२ ची रेघ का आखली, हा या कुळकथेतील खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधताना कार्डाकडून त्यावरील लेखनव्यवस्थेकडे वळावे लागते. एसडीएचसी कार्डावर माहिती मांडण्यासाठी फॅट-३२ ही पद्धत ठरवलेली आहे. फॅट ही एक खतावणी होय. साठवणीची जागा सारख्या आकाराच्या खणांत विभागलेली असते, आणि एखाद्या फाइलचा एक खण संपल्यावर पुढचा कोणता उघडायचा, हे खतावणीतील त्या खणाच्या नोंदीत लिहिलेले असते. ही पद्धत १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनी फ्लॉपी तबकड्यांसाठी रचली. १६ बिटी नोंदीच्या फॅटमध्ये सुमारे ६५ हजार खण आणि प्रत्येक खण जास्तीत जास्त ३२ केबीचा, यामुळे तिची धाव २ जीबीवर संपत असे. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेल्या फॅट-३२ ने ती मर्यादा २ टीबीपर्यंत नेली. म्हणजे खतावणीच्या बाजूनेही दार २ टीबीचेच होते, आणि ३२ जीबी ही फॅट-३२ ची अंगभूत मर्यादा आहे, हे अनेक ठिकाणी छापले गेलेले विधान सरळसरळ चुकीचे ठरते.

फॅट-३२ साठी ३२ जीबीची रेघ आखलेली दिसते ती विंडोज २००० आणि तिच्या वारसांत. या प्रणाली मोठे फॅट-३२ खंड बिनतक्रार वाचतात आणि त्यांवर लिहितातही, मात्र ३२ जीबीहून मोठा खंड नव्याने फॉरमॅट करून देण्यास नकार देत आल्या. फॉरमॅटची ती चौकट लिहिणारे डेव्ह प्लमर यांनी निवृत्तीनंतर या मर्यादेची जी हकिकत सांगितली आहे, ती कोणत्याही कुळकथाकाराला मोहात पाडणारी आहे. त्यांच्या आठवणीनुसार चाचणीसाठी हाताशी असलेले सर्वांत मोठे मेमरी कार्ड १६ एमबीचे होते. त्याला बहुधा हजाराने गुणून आणि वर दुप्पट करून ३२ जीबी हा आकडा त्यांनी धरला, आणि विंडोज एनटी ४ च्या हयातीला तो पुरून उरेल असे मानून ते पुढच्या कामाला लागले. अन्यत्र त्यांनी चौकट १९९४ च्या अखेरीस, पावसाळी गुरुवारच्या सकाळी लिहिल्याचे सांगितले असून, अर्धवट भरलेल्या खणांत वाया जाणारी जागा किती सोसायची, या निर्णयातून मर्यादा आल्याचेही म्हटले आहे.

या साक्षीत एक उघड अडचण आहे. १९९४ मध्ये फॅट-३२ अस्तित्वात नव्हती आणि एनटी ४ ने तिला कधी आश्रयही दिला नाही. म्हणून त्या गुरुवारी चौकट लिहिली गेली असली, तरी फॅट-३२ वरचा ३२ चा आकडा प्रत्यक्ष लागू झाला तो काही वर्षांनंतर, असेच मानले पाहिजे. साक्षीदाराच्या स्मृतीत दोन प्रसंगांची सरमिसळ झाली असावी. त्याने साक्षीचे मोल फारसे घटत नाही. आकडा मोजमापातून न येता अंदाजातून आला, हा तिचा गाभा दोन्ही निवेदनांत कायम राहतो.

आता विंडोजच्या चौकटीतील ३२ आणि एसडीएचसीच्या प्रमाणसंहितेतील ३२ यांचे नाते सांगायचे तर दुवा परिस्थितीजन्य आहे, पण भक्कम आहे. मेमरी कार्डाचा सारा उपयोग ते फोनातून काढून संगणकात घालता येण्यात होता, आणि २००६ मधील बहुसंख्य घरगुती संगणक विंडोज एक्सपीवर चालत. जे कार्ड एकदा बिघडल्यावर त्या संगणकावर पुन्हा त्याच पद्धतीने फॉरमॅट होणार नाही, अशा कार्डाला प्रमाणित म्हणण्याचे धाडस कोणतीही संघटना करणार नाही. म्हणून एसडी संघटनेने रेघ तिथेच आखली असावी, जिथे संगणकाची चौकट थांबत होती.

या मताला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिले मत व्यापारी आहे: मर्यादा खाली ठेवली म्हणजे पुढे नव्या नावाने नवी कार्डे आणि नवे फोन विकता येतात. हे मत नवे नाव का आले ते सांगते, पण ३२ का, १६ किंवा ६४ का नाही, याविषयी मूग गिळून बसते. दुसरे मत अधिक वजनदार आहे. ३२ केबीचे खण धरल्यास ३२ जीबीच्या कार्डात १०,४८,५७६ खण होतात, आणि प्रत्येकाची नोंद ४ बाइटची असल्याने खतावणी बरोबर ४ एमबीची भरते. त्या काळच्या फोनातील तुटपुंज्या स्मृतीला याहून मोठी खतावणी चाळणे जड गेले असते, असा हा युक्तिवाद आहे. हिशेब गोळीबंद आहे, परंतु खतावणी एकदम स्मृतीत आणावी लागत नाही, तिचे तुकडे पाडून वाचता येतात, आणि साधे फोन पुढे नेमके तसेच करताना दिसतात.

निर्णायक पुरावा फोनांनीच दिला आहे. एसडीएक्ससी हे २ टीबीपर्यंतचे प्रमाण जानेवारी २००९ मध्ये जाहीर झाले, आणि त्यासाठी एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टची नवी, परवान्याच्या बंधनातील लेखनपद्धत ठरवण्यात आली. ६४ जीबीचे असे कार्ड जुन्या फोनात घातले की अनेकदा कार्ड कोरे आहे किंवा खराब झाले आहे असा संदेश येई. पण त्याच फोनातून ते फॉरमॅट केले की फोन त्यावर फॅट-३२ मांडून पूर्ण ६४ जीबी बिनबोभाट वापरू लागे, कारण फोनाच्या फॉरमॅट-आज्ञेत विंडोजची रेघ नव्हती. या उपायाची किंमत एवढीच की फॅट-३२ मध्ये एका फाइलचा आकार ४ जीबीच्या आत ठेवावा लागतो, आणि त्याहून मोठा चित्रपट कार्डावर चढत नाही. जर ३२ ही मर्यादा सिलिकॉनची असती, तर ६४ चे कार्ड कोणत्याही फॉरमॅटने वठणीवर आले नसते.

पुढची प्रगती वेगाने झाली. ६४ जीबीचे मायक्रोएसडी २०११ मध्ये, १२८ चे २०१४ मध्ये आणि १ टीबीचे २०१९ मध्ये जाहीर झाले. २०१९ मध्येच मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या, आणि पर्यायाने अँड्रॉइडच्या, घरात तिला उजळ माथ्याने प्रवेश मिळाला. विंडोजमधील मूळ रेघ मात्र त्याहून चिवट निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत फॅट-३२ साठीची मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवण्यात आली, पण ती फक्त अक्षरी आज्ञेने फॉरमॅट करणाऱ्यांसाठी. प्लमर यांच्या चौकटीत आकडा त्या वेळीही ३२ च होता.