जुन्या स्वयंचलित मोटारीचे गिअर ऑइल : बदलावे की धुवावे?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरत शहराचा मोठा भाग काही दिवस पाण्याखाली राहिला. अशा पुरात मोटार बुडाली की मालकाला पहिली काळजी इंजिनाची वाटते, आणि ती रास्तही आहे. मात्र मोटार स्वयंचलित गिअरची असेल, तर त्याहून नाजूक वस्तू इंजिनाला लागूनच बसवलेली असते. गिअरबॉक्समधील हवा बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक नळीतून किंवा डिपस्टिकच्या वाटेने पाणी आत शिरते. आतील क्लच प्लेटांवर कागदी तंतूंचे अस्तर चिकटवलेले असते. ते पाणी शोषते, फुगते आणि पुढे सुटू लागते.

डिपस्टिकवर लाल तेलाऐवजी गुलाबी, दुधाळ द्रव दिसला तर पाणी शिरले आहे असे समजावे. पूर आलेला नसताना असे दिसले, तर जुन्या रेडिएटरमधील गिअर ऑइलची नळी आतून फुटून कूलंट मिसळले असण्याची शक्यता अधिक. दोन्ही वेळी इंजिन चालू करू नये आणि गाडी दोरीने ओढून नेऊ नये. ती टोइंगच्या ट्रकवर चढवूनच गॅरेजात न्यावी. तेथे ऑइल पॅन उतरवून सर्व द्रव काढावा, फिल्टर बदलावा आणि तेल स्वच्छ लाल येईपर्यंत पुन्हा पुन्हा भरून काढावे. पाणी बरेच दिवस आत राहिले असेल तर गिअरबॉक्स खोलून प्लेटा बदलण्याला पर्याय नसतो. पूर येऊन गेलेल्या शहरातून स्वस्तात आलेली जुनी गाडी घेणाऱ्याने एवढे तपासलेच पाहिजे.

पुराचा प्रसंग विरळा. एरवी प्रश्न असतो तो उष्णतेने जीर्ण झालेल्या तेलाचा. हे तेल केवळ वंगण नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती तेच पुढे नेते, त्याच्याच दाबाने क्लच आवळले जातात आणि आतील उष्णताही तेच बाहेर काढते. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. सुरतेच्या रिंगरोडवर कापडबाजाराच्या गर्दीत उन्हाळ्यात रोज सरकणारी गाडी म्हणूनच कंपनीच्या पुस्तिकेतील ‘कठीण वापर’ या सदरात मोडते. अशा गाडीसाठी ४० ते ६० हजार किलोमीटर ही मर्यादा धरणे शहाणपणाचे. ‘आयुष्यभर बदलण्याची गरज नाही’ या आश्वासनातील आयुष्य कोणाचे, हे सहसा सांगितलेले नसते.

खालचा नट काढून तेल सोडले तर सगळे येत नाही. टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी आणि कूलरच्या नळ्यांत बरेचसे अडकून राहते. एका वेळी ४० टक्के निघते असे धरले, तर पहिल्या बदलानंतर ४०, दुसऱ्यानंतर ६४ आणि तिसऱ्यानंतर सुमारे ७८ टक्के तेल नवे होते. यंत्राने धुण्याच्या पद्धतीत कूलरच्या नळीला यंत्र जोडून जवळजवळ सर्व तेल एका दमात बदलतात. गिअरबॉक्सच्या स्वतःच्या पंपाच्या दाबाने हे काम झाले तर वावगे नाही. बाहेरून दाब देऊन किंवा रसायन घालून ‘सफाई’ करणे जुन्या गाडीला घातक, कारण सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद मार्गांत जाऊन बसतो.

‘जुने तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो’ ही गॅरेजांतील समजूत अगदीच निराधार नाही. झिजलेल्या अस्तराची पूड जुन्या तेलात तरंगत असते आणि तिच्याच घर्षणावर घसरणारे क्लच कसेबसे पकड धरतात. नवे तेल आले की लपलेला बिघाड उघडा पडतो. म्हणून आधी निदान करावे. तेल तपकिरी असले तरी गिअर सुरळीत पडत असतील, तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा बदल करावा. तेल काळे, जळका वास येणारे आणि गाडी घसरणारी असेल, तर धुण्यावर पैसे घालवू नयेत. पॅनमधील चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक. धातूचे कण बोटांना टोचले तर मात्र दुरुस्तीचाच हिशेब मांडावा.

तेलाची जात पुस्तिकेतूनच ठरवावी. टोयोटाचे टी-फोर आणि डब्ल्यूएस ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. होंडाच्या जुन्या झेड-वन तेलाची जागा आता डीडब्ल्यू-वनने घेतली आहे. सीव्हीटी गाड्यांना त्यांचे वेगळे तेल लागते. आणि २०१४ मधील सेलेरियोपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांत हे लाल तेल नसतेच. त्यांचा मूळ गिअरबॉक्स हाताच्या गिअरचाच असतो.

जितके निघाले तितकेच मोजून भरावे. नंतर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन पुरेसे तापल्यावर पातळी पाहावी. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, तर होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत ते बंद केल्यावर लगेच पाहतात. काढलेले तेल गटारात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल, याची गॅरेजकडून खात्री करून घ्यावी.