समुद्रकिनारी सहल: घरात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर

पाटोद्याहून समुद्र जवळ नाही. जामखेड, अहिल्यानगर, पुणे, मग ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि तिथून दिवेआगर, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर, असा हा साधारण चारशे किलोमीटरचा आणि दहा-अकरा तासांचा प्रवास आहे. पूर्वी अशा सहलीला घरातली तरुण मंडळी जात आणि म्हातारी माणसे घर सांभाळत. आता एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे आणि नातवंडेही आजी-आजोबांना घेतल्याशिवाय निघत नाहीत. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यामुळे गाडीत बसलेल्या आठ जणांपैकी तीन-चार जणांच्या पिशवीत रोजच्या गोळ्या असतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे.

कधी जावे

प्रकृतीच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परंतु आपल्या तालुक्यातील बरीच कुटुंबे त्या वेळी ऊसतोडीला गेलेली असतात आणि मोकळी होतात ती एप्रिल-मे मध्ये. मुलांच्या सुट्ट्याही तेव्हाच असतात. अशा वेळी "आपल्याकडे चाळीस अंश सोसतो, तिथे तर चौतीसच आहे" असे समजून चालू नका. आपले ऊन कोरडे आहे. घाम येतो, वाळतो आणि अंग थंड होते. कोकणात हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण अंग थंड होत नाही. म्हणून सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतरच किनाऱ्यावर जावे. मधला वेळ पंख्याखाली काढावा, त्यात सहल वाया जात नाही.

जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो. पाऊस बघायला जायचे तर जा, पाण्यात उतरण्यासाठी नको.

निघण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचे

"गोळ्या सोबत नेऊ ना?" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे, "प्रवासात यातली कोणती गोळी कधी घ्यायची आणि उलट्या-जुलाब झाले तर कोणती थांबवायची?"

रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांमध्ये लघवी जास्त करणारे औषध मिसळलेले असते. हृदय कमजोर असणाऱ्यांना ते वेगळेही दिले जाते. रस्त्यात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून, विशेषतः महिला, ही गोळी चुकवतात आणि शिवाय दिवसभर पाणीही पीत नाहीत. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळी सोडली तर दोन-तीन दिवसांत पायावर सूज आणि धाप येऊ शकते. गोळी घेऊन पाणी न प्यायल्यास चक्कर येऊन माणूस पडतो. बहुतेकांना ही गोळी मुक्कामी पोहोचल्यावर घेता येते, पण वेळ बदलायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पेट्रोल पंपावर दर दोन तासांनी थांबायचेच, हे गाडी ठरवतानाच चालकाला सांगून ठेवा. त्या निमित्ताने पाय मोकळे होतात. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पिंढरीच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, तो धोकाही कमी होतो.

मधुमेहाच्या दोन गोळ्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही औषधे साखर खाली आणतात, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. रोज आठला गोळी आणि साडेआठला जेवण ही घरची सवय. प्रवासात गोळी आठला होते आणि हॉटेल सापडते अकराला. मग घाटात घाम, थरथर, बडबड सुरू होते आणि घरच्यांना वाटते गाडी लागली. म्हणून नियम असा की ताट समोर आल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही. खिशात साखरेची पुडी ठेवा. तीन ते चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि सोबत पाणीही जाते. उलट्या-जुलाब सुरू झाले, जेवण जात नसेल, तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन मात्र स्वतःहून कधीही बंद करायचे नाही.

इन्सुलिन कसे न्यायचे

वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे चांगले राहते. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत मात्र उन्हाळ्यात तापमान याच्या कितीतरी वर जाते. बर्फात थेट खुपसून ठेवणेही चूकच, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. थर्मासमध्ये किंवा डब्यात गार पाण्याची बाटली, तिच्याभोवती रुमाल, त्याच्या बाहेर इन्सुलिन, आणि हा डबा तुमच्या पायाशी, असे न्या. मुक्कामी फ्रिज नसेल तर छोटे मातीचे मडके, त्यात ओली वाळू आणि वाळूत प्लास्टिकच्या पिशवीत बाटली, ही आपल्याकडची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

घाट

ताम्हिणीत निम्म्या गाडीला मळमळते. निघताना भरपेट मिसळ खाऊ नये, पण रिकाम्या पोटीही राहू नये. त्रास होणाऱ्याने पुढे बसावे, मोबाइल बंद ठेवावा आणि लांबवर नजर ठेवावी. अवोमिनसारखी गोळी घ्यायची असेल तर घाटाच्या निदान तासभर आधी. उलटी झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतच जाते. या गोळीने झोप येते, म्हणून चालकाला देऊ नका. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी यामुळे अडू शकते, आणि काचबिंदू असणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

हृदयरोग्यांसाठी

नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी झालेली असेल तर तपासणी करून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच निघा. बाकीच्यांनी घरीच एक साधी परीक्षा घ्यावी. न थांबता दोन मजले जिना चढून छातीत दुखले किंवा फार धाप लागली, तर सहल पुढे ढकला. कोरड्या मऊ वाळूत पाय रुततो आणि सपाट रस्त्यापेक्षा खूप जास्त श्रम पडतात. चालायचे असेल तर ओल्या, घट्ट वाळूवरून चाला.

शेवटच्या ईसीजीची आणि औषधांच्या चिठ्ठीची प्रत, शिवाय मोबाइलमध्ये फोटो, असे दोन्ही हवे. सॉर्बिट्रेटची गोळी ज्यांना लिहून दिली आहे त्यांनी छातीत दुखताच खाली बसून जिभेखाली ठेवावी. उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून पडायला होते. पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर १०८ ला फोन. गॅस समजून सोडा पीत बसू नये. श्रीवर्धन आणि माणगावला सरकारी रुग्णालये आहेत, मुक्कामापासून ती किती वेळात गाठता येतात हे पहिल्याच संध्याकाळी लॉजवाल्याला विचारून ठेवा.

पाण्यात उतरताना

आपल्याकडची मुले विहिरीत आणि तलावात पोहायला शिकतात आणि चांगली शिकतात. त्यामुळेच मला त्यांची जास्त काळजी वाटते. विहिरीचे पाणी ओढत नाही, समुद्राचे ओढते. किनाऱ्याला आलेले पाणी परत जाताना काही ठिकाणी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत जाते. तिथे लाटा फुटताना दिसत नाहीत, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग वळा. पोहता येत नसेल तर गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊच नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब कॅलेंडर वापरणाऱ्या कोणालाही जमेल. तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावस्येला ती बाराच्या आसपास येते आणि पाणी सर्वांत जास्त चढते. हा अंदाज आहे, पक्की वेळ गावकऱ्यांना विचारा. हरिहरेश्वरचा खडकांतला प्रदक्षिणा मार्ग तर भरतीच्या वेळी टाळायलाच हवा. देवाला उशीर चालतो.

कोणी बुडाले आणि बाहेर काढल्यावर श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. पाणी काढण्याच्या या खटपटीत मोलाची मिनिटे जातात. उताणे झोपवा, हनुवटी वर करा, नाक बंद करून तोंडाने श्वास द्या, छाती फुगते का पाहा. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाब, २ श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचेच, फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

पाय आणि जखमा

मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला तापलेली वाळू कळत नाही आणि रुतलेला शिंपलाही कळत नाही. वाळूत अनवाणी चालल्याने साखर कमी होते असे कोणी सांगितले असेल तर विसरा. बंद सँडल घालून चाला आणि रात्री तळवे उजेडात बघा. पायाला जखम असताना खाऱ्या पाण्यात उतरू नका. त्या पाण्यातल्या काही जंतूंमुळे, मधुमेह आणि यकृताचे आजार असलेल्यांमध्ये, एका दिवसात पाय सुजून काळसर फोड येतात. तो दिवस हळद लावून बघण्यात घालवू नये.

जेलीफिश चिकटली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने घासू नका. पाकट माशाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय धरून ठेवल्याने वेदना कमी होते, त्यानंतर धनुर्वाताचे इंजेक्शन.

विंचवाबद्दल एक वेगळी सूचना. कोकणातला लाल विंचू चावला की कधीकधी वेदनेपेक्षा घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय आणि धाप हे मोठे लक्षण असते, कारण विष हृदयावर परिणाम करते. जालना जिल्ह्यातून महाडला गेलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून असे कितीतरी रुग्ण वाचवले आणि ती पद्धत जगाला दिली. मंत्र-उतारा करत न बसता लगेच रुग्णालयात जा. रात्री चपला झटकून घाला.

खाणे

ज्यांनी आयुष्यात कोळंबी, खेकडा, तिसऱ्या खाल्ल्या नाहीत त्यांनी पहिल्या दिवशी थोडेसेच खावे. अंगावर गांधी, ओठ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे ही ॲलर्जी आहे. शेवटच्या तीनपैकी काहीही झाले तर नुसती सेट्रिझिन देऊन वाट पाहू नका, तिथे इंजेक्शनच लागते. बर्फाशिवाय राहिलेला बांगडा शिजवूनही बाधतो.

शहाळ्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर शहाळे टाळा. बाकीच्यांनी खुशाल प्यावे, मधुमेह्यांनी दिवसाला एक. सुकी मासळी, पापड, लोणचे यांतले मीठ मात्र रक्तदाबाच्या आणि हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला दोन दिवसांत सुजवते.

समुद्राची हवा औषध आहे का

ही कल्पना मूळची इंग्लंडची. १७५० च्या सुमारास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नान आणि चक्क समुद्राचे पाणी पिणे हा उपचार सांगितला आणि ब्रायटन हे मासेमारीचे गाव त्यानंतर सहलीचे शहर झाले. मन मोकळे होते हे खरे, परंतु दम्याचा पंप घरी ठेवण्याइतकी ताकद त्या हवेत नाही. खारे पाणी तर पिऊच नये.

आता आपल्या भागातली काही मुले इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत आणि आई-वडिलांना तिकडचा किनारा दाखवतात. तिथे अडचण उलटी आहे. भर उन्हाळ्यातही पाणी साधारण पंधरा ते अठरा अंशच असते. अशा पाण्यात एकदम उतरल्यास श्वास अडखळतो आणि रक्तदाब झटकन चढतो. हृदयरोग्यांनी फक्त पाय भिजवावेत. पाहुण्यांना तिथल्या सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात मोफत तपासतात, पण दाखल केल्यास मोठे बिल येते. प्रवास विम्यात जुने आजार लपवू नका, लपवले तर दावा फेटाळला जाऊ शकतो. तिथला तातडीचा क्रमांक ९९९.

परत आल्यावर

दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "कोकणात जाऊन आलो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच, भातशेतीच्या चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात चालले असाल तर तेही सांगा. लेप्टोस्पायरोसिसमध्ये सुरुवातीला नुसता ताप, पिंढऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे एवढेच असते. आमच्याकडे हा आजार क्वचित दिसतो, त्यामुळे तुम्ही सांगितले नाही तर तो लवकर आठवत नाही, आणि औषध पहिल्या दिवसांतच जास्त उपयोगी पडते.