डोलत्या फळीवरचें यंत्र

शहादा तालुक्यांतील सारंगखेडा हें तापीकांठचें गांव दत्तजयंतीच्या यात्रेसाठीं प्रसिद्ध आहे. एकमुखी दत्ताच्या दर्शनाइतकीच गर्दी तेथें घोड्यांच्या बाजाराला लोटते. उमदा घोडा मान उंच धरून जागच्या जागीं नाचूं लागला म्हणजे त्याचा दाण्याचा खुराक वसूल झाला असें धन्याला वाटतें. जत्रा म्हटली कीं डोंबारीहि आठवतो. दोरावरून चालणाऱ्या त्या पोरीच्या हातांत आडवा वेळू असतो, आणि पाहणाऱ्याला तो उगाचच लादलेला भार वाटतो. पण तोच वेळू तिला तारतो. लांब वेळू चटकन् फिरत नाहीं. त्यामुळें तिचें अंग कलतें तें सावकाश कलतें, आणि सावरून घेण्यास तिला वेळ सांपडतो. तोल म्हणजे न हलणें नव्हे, हलण्याला वेळेवर दिलेलें उत्तर होय, हें त्या पोरीला कोणी शिकविलेलें नसतें.

यंत्राला मात्र हें शिकवावें लागतें, आणि त्या शिकवणुकीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. श्रोतेहो, आज देशोदेशींचे विद्यार्थी स्वयंचलित यंत्रमानव बांधून त्यांच्या शर्यती लावतात. त्यांतील एक अवघड परीक्षा अशी कीं, मधोमध टेकूवर ठेवलेल्या, दोन्हीं बाजूंस कलणाऱ्या फळीवर यंत्रानें चढावें आणि ती फळी सपाट राहील अशा जागीं थांबावें. ऐकावयास सोपें वाटतें. पण बाजारांतील धान्याचा तराजू आणि ही फळी यांत एक मोठा भेद आहे. तराजूच्या दांडीचा भारमध्य टेकूच्या खालीं असतो. म्हणून तो हलला तरी आपोआप समेवर येऊं पाहतो. फळीवरचें यंत्र टेकूच्या वर उभें असतें. तें बोटभर पुढें सरकलें कीं फळी खालीं जाते, आणि फळी खालीं गेली कीं यंत्र आणखी पुढें घसरूं पाहतें. येथें चूक स्वतःच स्वतःला वाढविते.

चुकीला उलट उत्तर देणारें एक प्रसिद्ध यंत्र वाफेच्या एंजिनावर आलें. जेम्स वॅटनें १७८८ सालीं एंजिनाचा वेग आवरण्यासाठीं फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला. वेग वाढला कीं गोळे वर उचलले जात आणि वाफ कमी होई. पण कांहीं एंजिनें अशा नियामकानें शांत होण्याऐवजीं हेलकावे खाऊं लागत. हें कां घडतें याचें गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलनें १८६८ सालीं मांडलें. उत्तर फार जोराचें असलें किंवा उशिरां आलें, तर तें उत्तरच नवी चूक होऊन बसतें.

यानंतरची हकीकत आपल्या देशाशीं जोडलेली आहे, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं. लुई ब्रेनन या संशोधकाला एकाच रुळावर धांवणारी आगगाडी हवी होती. त्यानें गाडींत वेगानें फिरणारीं दोन जड चाकें उलटसुलट दिशांनीं फिरतीं ठेवलीं. भोंवरा पडत नाहीं त्याच तत्त्वावर ती गाडी उभी राही. १९०७ सालीं त्यानें लहान नमुना दाखविला, आणि डोंगराळ सरहद्दीवर अशी गाडी उपयोगी पडेल या आशेनें इंडिया ऑफिसनें व काश्मीर दरबारानें त्याला पैसा पुरविला. १९०९ च्या नोव्हेंबरांत चाळीस फूट लांबीची पुरी गाडी माणसें घेऊन धांवली. पुढच्या वर्षीं लंडनच्या प्रदर्शनांत लोकांनीं तींत बसून फेऱ्या मारल्या. तिची एक खोड फार बोधप्रद होती. उतारू एका बाजूला गोळा झाले कीं गाडी त्या बाजूला खालीं न जातां उलट वर उचलली जाई. तळहातावर काठी उभी धरणारा काठी पडते त्याच बाजूला हात नेतो. भार जिकडे, तिकडेच आधार न्यावयाचा, हेंच तें गमक.

तरीहि ब्रेननची गाडी रुळावर टिकली नाहीं. चाकें फिरवणारें एंजिन थांबलें तर काय, हा प्रश्न कोणाच्याहि मनांतून जाईना. हिंदुस्थानांत त्याच सुमारास, १९०७ सालीं, पतियाळा संस्थानानें एकरुळी गाडी सुरू केली होती. तिचा युक्तिवाद अगदीं साधा: बहुतेक सारा भार एका रुळावर, आणि तोल जाऊं नये म्हणून बाजूला रस्त्यावरून धांवणारें एक मोठें चाक. तिला आरंभीं जनावरें ओढीत. ना भोंवरा, ना गणित. ही गांवठी वाटणारी गाडी १९२७ पर्यंत चालली, आणि तिचें एक एंजिन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत आहे. ब्रेननची गाडी मोडींत गेली. माझ्या मतें यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यानें या दोन गाड्या नेहमीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात. हुशार यंत्र तें बंद पडल्यावर कसें वागेल, हें विचारणें म्हणजे भित्रेपणा नव्हे.

यंत्रमानवांच्या एका मोठ्या शर्यतीचा आरंभ, आमच्या नभोवाणीच्या मंडळींनीं अभिमान बाळगावा, तो एका ध्वनिक्षेपण संस्थेनें केला. प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या कल्पनेवरून जपानच्या एनएचकेनें १९८८ सालीं विद्यार्थ्यांची पहिली स्पर्धा भरविली, आणि २००२ पासून आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियननें ती देशादेशांमध्यें नेली. यजमानपद पुण्याकडे दोनदां आलें. २००८ सालीं विषय होता दहीहंडी; गोविंदांच्या थरांप्रमाणें यंत्रांनीं उंचावरील मडक्यापर्यंत पोहोंचावयाचें होतें. २०१४ सालीं विषय होता आईबापांचें लालनपालन. एक पालक-यंत्र, एक बाल-यंत्र, आणि मैदानांत लहान मुलांच्या बागेंतलीं खेळणीं: झोपाळा, खांबांवरून चालणें, चढण्याची जाळी, आणि तीच ती डोलती फळी. पालकानें बाळाला फळीवर बसवून झुलवावयाचें. सगळीं कामें पुरीं झालीं कीं त्या विजयाला नांव होतें 'शाबास'. तें व्हिएटनामच्या लाक हाँग विद्यापीठानें मिळविलें. बागेंतल्या फळीवर मूल बसविणाऱ्या बापाचा एक हात नेहमीं मुलाच्या पाठीशीं असतो. यंत्राला तो हात कोठें लावावा हें ठरवितांना मुलांच्या अनेक रात्री गेल्या असतील.

अमेरिकेंत डीन केमन यानें १९८९ सालीं फर्स्ट नांवाची संस्था काढून शाळकरी मुलांसाठीं अशीच चळवळ उभी केली. दोन चाकांवर तोल धरणारी सेगवे गाडी २००१ सालीं जगापुढें आणणारा तो हाच. फर्स्टच्या २०१२ च्या खेळांत कलते पूल होते, आणि त्यांतला मधला पूल प्रतिपक्षाच्या यंत्रांबरोबर मिळून समतोल राखण्यासाठीं होता! २०२३ च्या खेळांत पुन्हां डोलता मंच आला. तो समपातळीपासून अडीच अंशांच्या आंत राहिला तर गुण पुरे. पहिले पंधरा सेकंद यंत्रानें माणसाच्या मदतीवांचून हें करावयाचें.

पुष्कळांनीं पहिली युक्ति योजली ती मॅक्सवेलला चटकन् ओळखूं आली असती. कल मोजावा, कलाच्या प्रमाणांत उलट चालावें. यंत्र मग पुढें-मागें, पुढें-मागें झुलत राहतें, आणि वेळ संपतो. कारण फळी सपाट झाल्याचें कळेपर्यंत यंत्र मध्य ओलांडून गेलेलें असतें. शहाण्यांनीं कल किती आहे हें पाहण्याऐवजीं कल केव्हां बदलूं लागतो हें पाहिलें. चढावर सावकाश जावयाचें. फळी हलूं लागल्याची पहिली चाहूल लागतांच थांबावयाचें, किंवा किंचित् मागें यावयाचें. उरलेलें काम फळी आपण होऊन करते. कांहींनीं चारी चाकें वळवून फुलीसारखीं तिरपीं लावलीं, म्हणजे यंत्र कोणत्याच दिशेला घसरूं शकत नाहीं, आणि त्यासाठीं वीजहि लागत नाहीं. ही पतियाळाची परंपरा. बॅटरीसारखा जड जिन्नस अगदीं तळाशीं ठेवावा आणि चाकांमधलें अंतर मोठें असावें, हा नियम तर बैलगाडींत उसाची मोळी रचणाऱ्याला सांगावा लागत नाहीं.

ब्रेननच्या गाडींतील तीं जड चाकें आतां लागत नाहींत. कल मोजणारी आजची चकती नखाएवढी असते; तिच्यांत फिरणारें कांहीं नसतें, फक्त सिलिकनचे सूक्ष्म भाग कंप पावत असतात, आणि ती दोन-तीनशे रुपयांत मिळते. शहाद्यांत डी. एन. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गांवांत सुतार आणि लेथवाले आहेत. सहा-सात फुटांची सागवानी फळी, मधें लोखंडी नळीचा टेकू, एवढ्यावर हा प्रयोग करून पाहतां येतो. मात्र पहिल्या दिवशीं फळीवर यंत्र चढवूं नये. प्रथम नुसती वाळूची पिशवी टेकूच्या अलीकडून पलीकडे वीतभर सरकवावी, आणि फळी नेमक्या कोणत्या ठिकाणीं पालटते तें खडूनें लिहून ठेवावें. टेकूंत घर्षण असल्यामुळें जातांना आणि येतांना तें ठिकाण एकच येत नाहीं.