नांदूर मध्यमेश्वर : गाळातून उभं राहिलेलं अभयारण्य

मंडळी, पावसाळ्यात "नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग वाढवला" ही बातमी मी गेली कित्येक वर्षं लिहितोय. थंडी पडली की त्याच जागेची दुसरी बातमी येते, पाहुणे पक्षी आले. या दोन्ही बातम्यांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे गाळ. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला गेला. पक्ष्यांचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. दुष्काळी पट्ट्याला कालव्याचं पाणी द्यायचं होतं. डावा-उजवा कालवा निघाला, खाली कोपरगाव-राहात्याकडे ऊस उभा राहिला.

बंधाऱ्यामागे नदीचं पात्र सपाट आणि फुगवटा पसरट. दर पुरात माती येऊन बसत गेली. साठवण घटली, पण उथळ पाणी, चिखल, बेटं, पाणगवत असं सगळं तयार झालं. इंजिनिअरच्या दृष्टीने बिघाड, बदकांच्या दृष्टीने ताट वाढलेलं! चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्याला वीतभर पाणी लागतं. बुडी न मारता शेपटी वर करून तळाचं खाणारं तलवार बदक, पाणी गाळून खाणारा थापट्या, यांचंही खोल पाण्यात भागत नाही.

सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं सगळेच सांगतात. पण भरतपूरही बांध घालूनच तयार झालं, आणि तेही संस्थानिकांच्या शिकारीसाठी. तिथे १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा आजही तिथल्या दगडावर कोरलेला आहे. आपल्याकडे निदान असला दगड नाही.

१९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव लागलं. चापडगावच्या मनोऱ्यावर हिवाळ्यात पहाटे उभं राहिलं की कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पाण्यावर दिसतात, चक्रवाकांच्या जोड्या दिसतात, एखाद्या वर्षी रोहितही. मार्चपासून उत्तरेचे पाहुणे निघू लागतात. पावसाळ्यात कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांचा विणीचा हंगाम. तेव्हा गर्दी नसते, त्यामुळे त्यांच्या घरट्यांची बातमीही होत नाही.

आता अडचणीचा भाग. सायखेडा-चांदोरीत पुराचं पाणी शिरलं की "गाळ काढा" ही मागणी होते. ज्याच्या घरात कमरेएवढं पाणी येतं, त्याला बदकांचं कौतुक सांगायला जाणं मला तरी पटत नाही. तसंच शेतकऱ्याला पक्ष्यांचा वैरी ठरवणंही खोटं आहे. याच गावांतली पोरं गाईड म्हणून दुर्बीण घेऊन फिरतात, त्यांना पक्ष्यांची जागा आणि वेळ तोंडपाठ असते. माझं मत असं, की पुराला अडणारा पट्टा कुठला आणि पक्ष्यांचा उथळ पट्टा कुठला, हे आधी नकाशावर वेगळं करा. पहिल्यातला गाळ उन्हाळ्यात काढा, दुसऱ्याला हात लावू नका. सरसकट पोकलेन घातला तर शंभर वर्षांत साचलेलं एका हंगामात जाईल.

आणि सगळा दोष गाळावर टाकून चालणार नाही. पुराबरोबर पुलाला येऊन अडकणाऱ्या पाणवेली कशावर पोसतात? वरच्या शहरांच्या सांडपाण्यावर.

दुसरा मुद्दा आवर्तनाचा. गंगापूर-दारणातून पाणी सोडलं की फुगवटा भरतो, कालवे चालले की उतरतो. ऐन जानेवारीत पातळी दोन-तीन फुटांनी झटकन चढली तर चिखलातले पक्षी उठून जातात. पक्ष्यांची राखण वनखात्याकडे, पाण्याची किल्ली जलसंपदा खात्याकडे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनाच्या तारखा ठरतात, तेव्हा अभयारण्याच्या वतीने कुणी बोलतं का, हे मी पुढच्या बैठकीआधी दोन्ही खात्यांना लेखी विचारणार आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. नाही आलं तरी तारखेसकट सांगतो.